दोन डाव्या बाह्या

ताप उतरून वर्ष होऊन गेलं, तरी आमच्या न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल काही हललं नाही. मास्तर त्यावर बसून अंघोळ करतात. पहिल्या दिवशी मी ते आत ठेवलं तेव्हा त्यांनी पायानं बाहेर सरकवलं होतं. "मी काय नव्वदीचा आहे का?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाणी ओतता ओतता छाती अशी धडधडायला लागली की भिंतीला धरून उभे राहिले आणि आतून हाक मारली, "अगं, ते तुझं सिंहासन आण." तेव्हापासून ते सिंहासनच.

मास्तर म्हणजे माझे यजमान. गल्लीतले सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. शिंपीकामातले मास्तर, म्हणजे माप घेणारे आणि कापणारे. कोट शिवावा तर त्यांनीच, असं लोक म्हणत. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीपाशी कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात मशीन. मशीनवर मामा बसतात. ते कुणाचेच मामा नाहीत, पण तीस वर्षं आमच्याकडे शिवतात, म्हणून मामा. काजं, बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे.

तो विषाणूचा ताप आला तेव्हा अकरा दिवस मास्तर इस्पितळात होते. घरी आले तेव्हा सगळे म्हणाले, सुटलात. आम्हालाही तसंच वाटलं. माणूस घरी आला म्हणजे बरा झाला, एवढीच आमची समजूत. पण महिने गेले आणि हे काही पहिल्यासारखे होईनात. चार पायऱ्या चढल्या की दम. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर झोपलेच नव्हते असा चेहरा. मामांचं मशीन सुरू झालं की कानावर हात. आणि शब्द हरवायचे. एकदा मला म्हणाले, "ते दे गं, ते... गोल असतं... चार भोकांचं."

"बटण?"

"हां, बटण! चाळीस वर्षं लावतोय मेलं, आणि ऐन वेळी ओळख दाखवत नाही."

आम्ही दोघंही हसलो. मग मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उगाच डबे पुसत बसले.

तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. रक्त चांगलं, छाती चांगली, हृदयही चांगलं. बघायला येणारे म्हणत, "चेहऱ्यावर तर काही दिसत नाही हो!" एक शेजारी तर म्हणाले, "मास्तर, मनाचं आहे सगळं. जरा फिरायला जा." मास्तर मनावर घेऊन फिरायला गेले. दोन चौक चालून आले, खुशीत होते. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून मान उचलता येईना. मला कळेना, काल तर काहीच केलं नव्हतं! शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी उलगडून सांगितलं. ताप गेला तरी त्याचा मार कधीकधी शरीरात मागे राहतो. आजच्या कामाचा थकवा आज दिसत नाही, उद्या-परवा दिसतो. "रिपोर्ट चांगले आहेत म्हणून त्रास खोटा नाही हं," त्या मास्तरांना म्हणाल्या. हे ऐकल्यावर मास्तरांनी रुमालात तोंड घातलं. एवढ्या महिन्यांत असं कुणी म्हटलं नव्हतं त्यांना. आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही.

बाईंनी एकच पथ्य घातलं. दमल्यावर थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं. उभ्यानं काम वीस मिनिटं, मग आडवं व्हायचं, बरं वाटत असलं तरी. मी भाजी शिजवताना लावते ते घंटीचं घड्याळ कापायच्या टेबलावर आलं.

वाईट दिवशी पथ्याची गरजच पडत नसे, हे अंथरुणातच असत. चांगल्या दिवशी मात्र कोण ऐकतंय! घंटी वाजली की म्हणत, "एवढा खिसा काढतो आणि झोपतो." मग खिशाची झडप. मग झडपेला शोभेलशी कॉलर. मी रागावून बोलणाऱ्यातली नाही. मी नुसती दारात उभी राहत असे. मामा म्हणत, "वहिनी, तुम्ही उभ्या राहून काय होणार? घंटीसुद्धा ओरडते, तिचं कुठे ऐकतात!"

अशात एक दिवस ताई आल्या. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. पोस्टात छत्तीस वर्षं काढली, शेवटची नऊ मुख्य अधिकारी म्हणून. आवाज असा की काउंटरवरून हाक मारली तर रस्त्यापलीकडच्या माणसानं थांबावं. येताच टेबलावर कागदाचा पुडा आपटला. आत लोकरी कापड होतं, गडद विटकरी, वरून मऊ लव असलेलं.

"महिन्यानं निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "निरोपाला हाच कोट घालणार. ठाणातला शेवटचा तुकडा आहे, अजून मागू नकोस, मिळायचा नाही."

मास्तरांनी कापडावरून हात फिरवला. लव एका दिशेला गुळगुळीत, दुसऱ्या दिशेला खरखरीत. मागची बाजू अगदी निराळी, फिकी. "ताई, कमी आहे कापड."

"मी पण कमी झालेय. माप घेऊन बघ."

"कुठे कमी झालीस?"

"तू टेप घे, मग बोल. आणि हे बघ, झेपत नसेल तर आत्ताच सांग. बाजारात तयार कोट मिळतात. त्यात मी पोत्यात घातलेल्या पार्सलासारखी दिसेन, पण चालेल मला."

"दिसशील खरी," मास्तर म्हणाले. "मीच कापणार."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत विचारणा होती. वर्षभरात यांनी पूर्ण कोट असा एकही कापला नव्हता. पायजमे, उशांचे अभ्रे, शाळेचे शर्ट, एवढंच.

त्या गेल्यावर मास्तर पलंगावर पडले आणि छताकडे बघत म्हणाले, "हा कोट माझ्या हातून झाला, तर मी अजून मास्तर आहे. नाही झाला तर ते टेबल काढून टाकू. उगाच खोली अडवून बसलंय."

"असं काय बोलता?"

"खरं तेच बोलतोय. अभ्रे कापायला एवढं मोठं टेबल कशाला लागतं?"

आता माझ्या मौनाबद्दल सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला. सकाळी अंघोळ करून देवापुढे दिवा लावायचा, ठरलेली पानं वाचायची, मग पहिला घोट पाण्याचा, हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा आहे. मौन मात्र नंतरचं. हे इस्पितळात असताना सातव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं होतं. त्या संध्याकाळी तिथल्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, हे घरी आले तर रोज सकाळी एक तास मी तोंडातून शब्द काढणार नाही. हे घरी आले. मी बोललेलं पाळू लागले. कशासाठी ते कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. केलेला नवस बोलून दाखवू नये, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

यांना वाटलं, वयाबरोबर बायकोची भक्ती वाढली. आणि मग लबाडाला एक शोध लागला. बायको तासभर बोलू शकत नाही! त्या तासात घंटीचं घड्याळही कुणी लावत नाही. मी दिव्यापुढे बसले की पुढच्या खोलीत दिवा लागायचा. देवाच्या कोनाड्यासमोरून टेबल सरळ दिसतं. मी हात जोडून खुणा करायची, "झोपा हो." ते मान डोलवायचे, जणू मी देवाला हात जोडतेय आणि ते बघून त्यांना बरं वाटतंय.

कोटाचं कापणं त्यांनी असंच चोरून आटपत आणलं होतं. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले. दुपारी नियमानं झोपायचे, मला वाटायचं गुणी झाले. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, आणि मीठ मागायचं तर "पांढरं दे" म्हणायचे.

बाह्यांच्या दिवशी मी वाचत होते आणि नजर मधूनच टेबलाकडे जात होती. कापड पुरेसं असलं तर ते दुहेरी घडी घालून कापतात, एका कात्रीत डावी-उजवी दोन्ही बाह्या निघतात. कापड कमी म्हणून यांनी ते एकेरी पसरलं होतं. अशा वेळी एक बाही कापून झाली की कागदाचा नमुना पालथा घालायचा असतो, म्हणजे दुसरी उजव्या हाताची होते. नमुन्याच्या एका अंगावर यांच्याच अक्षरात मोठं 'डावी' लिहिलेलं आहे. दुसऱ्या वेळी ते लिहिलेलं अंग खाली जायला हवं.

यांनी पहिली बाही कापली. नमुना उचलला. थांबले. कपाळ चोळलं. मग नमुना पुन्हा ठेवला, आणि मला 'डावी' तसंच्या तसं वर दिसलं.

मी दोन वेळा टाळी वाजवली. त्यांनी वर न बघता हात हलवला, "झालं, झालं, झोपतोच." मी ताम्हणावर पळी वाजवली. ते हसून म्हणाले, "आज आरती मोठी आहे वाटतं." मी उठले. उठून दारापर्यंत गेले, बोट दाखवलं, नमुन्याकडे, हाताकडे, पुन्हा नमुन्याकडे. त्यांना वाटलं मी घड्याळ दाखवतेय. "पाच मिनिटं फक्त!" म्हणाले, आणि कात्री चालवली.

तीन अक्षरं. 'उलट' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. टेबल चार पावलांवर होतं, हात धरता आला असता, तेही सुचलं नाही. माझ्या ओठांवर शब्द आला होता आणि त्याच क्षणी मला इस्पितळातलं बाक दिसलं. मनात आलं, आज शब्द मोडला आणि यांना काही झालं तर? लोकर कापणाऱ्या कात्रीचा आवाज खोल असतो, कुरकुर नाही, नुसता श्वासासारखा. तो संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले.

मग यांना मी काही सांगितलं नाही. तास संपल्यावरही नाही. त्या दुपारपासून हे जे झोपले ते तीन दिवस उठलेच नाहीत. खिडक्यांना पडदे, बोलणं कुजबुजत, पाणी चमच्यानं. अशा माणसाला काय सांगायचं? ताईंचा फोन आला. "कुठवर आलाय माझा कोट?" मी म्हटलं, "चाललंय, ताई." फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. खोटं नव्हतं तसं, पण खरंही नव्हतं.

चौथ्या दिवशी हे उठून खुर्चीत बसले आणि मामांना म्हणाले, "बाह्या जोडायला घ्या." मामांनी बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. फिरवल्या. पुन्हा मांडल्या. चष्मा पुसला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "या दोन्ही डाव्या आहेत."

"उलटून बघा."

"बघितलं. उलटली तर लव आत जाते, फिकी बाजू बाहेर."

मास्तर उठले नाहीत. खुर्चीतूनच पाहत राहिले. मी काजाची सुई हातात धरून बसले होते, ती तशीच राहिली. मला वाटलं आता रागावतील, कापड भिरकावतील. त्यांनी कात्री मागितली. तिची पाती तेलाच्या फडक्यानं पुसली, फडक्यातच गुंडाळली आणि मामांना म्हणाले, "कपाटात वरच्या फळीवर ठेवा. आणि ते टेबल कुणाला हवं असलं तर विचारून ठेवा."

"अहो मास्तर, एका बाहीसाठी..."

"बाहीचं नाही हो. शिकाऊ असताना मी पण दोन डाव्या कापल्यात, कानफटात खाल्ली होती. पण तेव्हा कापून झाल्यावर लगेच कळलं होतं. या वेळी चार दिवस त्या बाह्या इथे पडून होत्या आणि मला काही कळलंच नाही. चुकलं तर सुधारता येतं. चुकलंय हे कळतच नसेल तर मग काय?"

ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मामा माझ्याकडे बघत होते. मी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली आणि त्यांच्या मागे गेले.

"मला कळलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"बाही. तुम्ही कापत होतात तेव्हा मी बघत होते. नमुना पालथा घातला नव्हता."

ते वळले. "तू पाहिलंस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"मौन होतं."

इतकी वर्षं संसार केला, पण असं बघताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. "धन्य आहे," ते म्हणाले. "घर जळत असतं तर जप पुरा करून पाणी आणलं असतंस." मी पलंगाच्या कडेला टेकले. "बोल की आता! आता कसलं मौन आहे?"

मग मी सांगितलं. सातवा दिवस, ते बाक, डॉक्टर काय म्हणाले, मी काय बोलले. सांगताना रडू आलं नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. शेवटी म्हटलं, "मला वाटलं, बाहीसाठी शब्द मोडला आणि तुम्हालाच काही झालं तर. भ्याले मी."

त्यांनी चादर डोक्यावर ओढून घेतली. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. जेवायला हाक मारली की "हं." औषध दिलं की "हं." मामा म्हणाले, "वहिनी, तुमचं मौन तासाचं, यांचं चोवीस तासांचं. मोठा भक्त कोण?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दिव्यापुढे बसले होते. पुढच्या खोलीत अंधार होता. वाचून झालं, तास भरला, मी पाण्याचा घोट घेतला, आणि आतून आवाज आला, "झालं का तुझं?"

मी गेले. ते जागेच होते.

"एक विचारायचंय," म्हणाले. "लांबून, वाचता वाचता, तुला 'डावी' वर दिसलं?"

"हो."

"एवढ्या लांबून?"

"तीस वर्षं बघतेय मी."

"मग माझी नजर गेली तरी घरात एक नजर आहे म्हणायची." ते थोडं हसले. "माझ्यासाठी गप्प बसलीस आणि बाही माझीच गेली. तुझ्या देवाला सांग, पुढच्या वेळी निदान खोकू तरी दे."

तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि हसूही. त्यांनी माझा हात धरला. "मौन सोडू नकोस. पण आपण ठरवून घेऊ. तो तास तुझ्या मौनाचा आणि माझ्या झोपेचा. तू बोलायचं नाहीस, मी उठायचं नाही. नेम फक्त बायकांनीच करायचे असं कुठे लिहिलंय?"

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी तू टेबलाशी उभी राहायचंस आणि बोलायचंस. मोठ्यानं. तुझा तो देवापुढचा आवाज मला ऐकू येत नाही."

मी विचारलं, "म्हणजे टेबल राहणार ना?"

"कापड कुठून आणायचं ते आधी बघू," ते म्हणाले. पण कात्री कपाटातून खाली काढायला त्यांनी सांगितली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

त्या दिवसापासून पलंग हेच टेबल झालं. मी कोटाच्या नमुन्याचे कागद आणून त्यांच्या पांघरुणावर मांडायचे. चुकलेली बाही, उरलेल्या चिंध्या आणि अजून न कापलेला कॉलरचा तुकडा, सगळ्यांच्या आकाराचे कागद मी वर्तमानपत्रातून कापले. ते पडल्या पडल्या एक कागद उचलायचे, दुसऱ्याला लावायचे, लवेची दिशा बोटानं दाखवायचे. दहा मिनिटं झाली की डोळे मिटायचे. कधी सकाळी जमवलेलं संध्याकाळी विसरायचे, म्हणून मी वहीत लिहून ठेवायचे. दोन दिवस काहीच जमलं नाही. पांघरुणावर कागद, उशीखाली कागद. एकदा कूस वळले तर कोटाची पाठ त्यांच्या पाठीलाच चिकटली. "बरोबर बसलीय का बघ," म्हणाले.

पाचव्या दिवशी डोळे मिटलेलेच होते आणि म्हणाले, "आतली पट्टी."

"काय आतली पट्टी?"

"पुढच्या भागांना आतून जी पट्टी लागते, ती याच कापडाची कशाला हवी? काळ्या सुताची लावू. आत कोण बघतंय? ती वाचली की कॉलरच्या तुकड्याशेजारी बाहीचा वरचा भाग निघतो. खालचा भाग दोन तुकडे जोडून करू, जोड काखेकडे जाईल." डोळे उघडले. "कागद लाव बघू."

मी लावले. बोटभर जागा उरली.

मी मामांना हाक मारायला धावले, पण ते आधीच दारात उभे होते. "कात्री काढू का, मास्तर?" त्यांनी विचारलं. हे 'काढा' म्हणाले.

ताईंना मात्र हे सगळं सांगायला हवं होतं. मास्तरांनी स्वतः फोन केला. मी बाजूला उभी होते, तरी ताईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"दोन्ही डाव्या? अरे, मग एक हात पाठीमागे धरून भाषण ऐकीन मी!"

"ताई, चेष्टा नको. निघेल तिसरी. पण वेळ लागेल. रोज वीस मिनिटं, त्याच्यावर नाही."

"समारंभाला आठ दिवस राहिलेत."

"माहीत आहे. होईल असं वाटतंय, पण शब्द देत नाही."

मग ताई म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा तू मला 'शब्द देत नाही' म्हणालास. बरं वाटलं मला. सावकाश कर."

समारंभाला चार दिवस असताना ती बाही कापायला घेतली. त्या दिवशी मास्तरांचा चेहरा उजळला होता. मी घड्याळ लावलं. त्यांनी नमुना ठेवला, 'डावी' खाली. मी म्हटलं, "उजवी." ते म्हणाले, "मोठ्यानं." मी म्हटलं, "उजवी!" मामा मशीनवरून ओरडले, "ऐकलं हो, उजवी!" खडूची रेघ झाली. लवेची दिशा मी हातानं तपासली, त्यांनी तपासली. कात्री लागली. दंडाची सरळ बाजू झाली, कोपराचा बाक झाला, आणि खांद्याचा गोल अर्ध्यावर आला असताना घंटी वाजली.

कात्री चालू झाली की आकार पुरा होईपर्यंत थांबायचं नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. अर्ध्यावर थांबलं की कडेला दात पडतो, म्हणजे खाच राहते. मी इतक्या वर्षांत यांना गोलाच्या मध्यावर थांबताना कधी पाहिलं नव्हतं.

"वीतभर राहिलंय," ते म्हणाले.

"दिसतंय मला."

"आज खरंच बरं वाटतंय गं. हात बघ, हलत नाहीये."

"म्हणून तर आजच थांबायचं."

त्यांनी कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. वीतभर म्हणजे एका मिनिटाचं काम, आणि कडेला दात पडला तर हेही कापड गेलं. पण तीन दिवसांचे ते पडदे मला आठवत होते. मामांनी मशीनवरचा पाय थांबवला.

मास्तरांनी पाती जराशी उघडली आणि कात्री कापडातच ठेवून दिली, हलक्या हातानं, झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून हात काढावा तशी. मग आत जाऊन आडवे झाले.

मी टेबलाशी उभी राहिले. मांजर वर चढेल, वाऱ्यानं कापड सरकेल, मनात नाही नाही ते येत होतं. मामा पण उठून खिडकी लावून आले. एवढ्यात दार उघडलं आणि ताई आल्या, पोस्टातून सरळ, खांद्याला पिशवी.

"काय रे, झाली का माझी..." त्यांनी सुरुवात केली, आणि मी व मामा दोघांनीही एकदम ओठांवर बोट ठेवलं.

ताईंनी टेबल पाहिलं. विटकरी कापड, त्यात रुतून राहिलेली कात्री, अर्धवट गोल. त्या जवळ आल्या. माझ्या कानाशी आल्या, आणि जन्मात कधी ऐकला नाही अशा बारीक आवाजात म्हणाल्या, "अर्ध्यावर सोडली? त्यानं?"

"हो."

"स्वतःहून?"

"घंटी वाजली. मी थांबा म्हटलं, थांबले."

ताईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली. डोळ्यांना पदर लावायची त्यांना सवय नाही, त्यांनी चष्माच काढून पुसला. आतून मास्तरांचा झोपाळलेला आवाज आला, "ताई, तू आलीस ना? कापडाला हात लावू नकोस."

"नाही लावत रे बाबा. झोप तू."

"उरलेलं उद्या."

"उद्या तर उद्या," ताई म्हणाल्या. त्यांनी मामांचं स्टूल उचललं, फरशीवर आवाज न करता टेबलापाशी ठेवलं आणि राखणीला बसल्यासारख्या ताठ बसल्या. मग मला खुणेनं जवळ बोलावलं.

"चहा टाक," कुजबुजल्या. "पण भांडी वाजवू नकोस."